आमची वाटचाल : दुकानाचं तोंड

दादांचं अक्षर चोरीला गेलं, तिथूनच सांगायला सुरुवात करतो. त्याआधीचं आमच्या, म्हणजे दुकानांच्या पाट्या हातानं रंगवायच्या, धंद्यातल्यांना ठाऊक आहेच. सायकलला रंगाचे डबे लटकवून दादा सकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातून निघायचे, रावपुरा, मांडवी, लहरीपुरा करून अंधार पडता पडता परत. सातवीपासून शिडी धरायला मी बरोबर.

रावपुऱ्यात एका मिठाईवाल्याची पाटी दादांनी रंगवली होती. वर गुजराती, खाली बाळबोध, म्हणजे देवनागरी. हे काम केलेल्यांना कळेल की यात खरी परीक्षा असते. बाळबोधात शिरोरेषा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते. गुजरातीला ती नाही, तिथे प्रत्येक अक्षर आपापल्या वजनावर उभं राहतं. दोन्ही ओळी सारख्याच उंचीच्या दिसायला हव्या असतील तर गुजराती अक्षर सूतभर मोठं काढायचं, हे दादांनी वीस वर्षांत हातानं शोधलेलं.

पलीकडच्या गल्लीत फ्लेक्सचं मशीन आलं. त्या माणसानं या पाटीचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर अक्षरं कापून घेतली आणि मिठाईवाल्याच्या भावाच्या दुकानावर छापून लावली. दादांना एका शब्दानं विचारलं नाही. वर बाजारभर सांगत फिरला, ‘अक्षर तेच, पैसे तिसरा हिस्सा.’ नऊ वर्षं आमच्याकडे राहिलेला कारागीर, ज्याचा हात धरून दादांनी त्याला ‘क’ची गाठ शिकवली, तोही पगारावर तिकडे गेला. मला राग मशीनचा नाही. विचारायला यायला हवं होतं. आजही त्या गल्लीतून जाताना मी मान वळवतो.

नवरात्र संपल्यापासून दिवाळीपर्यंत आम्हाला जेवायला फुरसत नसे. त्या वर्षी तीन पाट्या आल्या. गाळ्याचं भाडं चार महिने थकलं, तेव्हा शिड्या आणि डबे घराच्या ओसरीत आणले. दादा स्टेशनजवळ बसून रिक्षांच्या नंबरप्लेटी रंगवू लागले. त्यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही, पण घरी आले की ब्रश मात्र आधी धुवायचे, मग हातपाय. टर्पेंटाइनमध्ये बुचकळून, साबण लावून, केस बोटांनी टोकाला आणून. त्यात मुंगसाच्या केसांचे जुने दोन ब्रश होते. ते आता कायद्यानं बंद आहेत आणि बंदच राहावेत, पण त्यांचं टोक एका रेघेत अख्खी मात्रा उतरवायचं. बाकी सामान साधंच. खडूत घोळवलेला दोरा, टोकाला कापडाचा गोळा बांधलेली हात टेकायची काठी, टाचणीनं भोकं पाडलेला कागद आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी. हे सगळं आजही आमच्याकडे आहे आणि वापरात आहे.

त्या वर्षी आम्हाला तारलं रावपुऱ्यातल्या चष्मेवाल्या शेठनी. फ्लेक्सवाला त्यांच्याकडेही गेला होता. शेठ त्याला म्हणाले, ‘भाई, आ बोर्ड उतारवानुं नथी.’ मग दादांना बोलावून तिन्ही दुकानांच्या पाट्या नव्यानं रंगवायला दिल्या आणि पैसे सगळेच्या सगळे आगाऊ मोजले. दादा नको म्हणत होते. शेठ म्हणाले, ‘माझं गिऱ्हाईक डोळ्यांनी अधू असतं, त्याला वाचता येईल असं अक्षर हवं.’ ते खरंच होतं. दहा फुटांवरून नीट वाचायला साधारण एक इंच उंचीचं अक्षर लागतं, रस्त्यापलीकडून वाचायचं तर त्याच हिशेबानं वाढवा. मोबाइल नंबर नावापेक्षा मोठा कधीही लिहू नका. पत्र्यावर रेड ऑक्साइडचा हात दिल्याशिवाय रंग चढवू नका, आणि शटर दुरुस्त करायचं असेल तर ते आधी करा, पाटी नंतर.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. सरकारच्या मुद्रा योजनेतून, तिच्या ‘शिशु’ गटात, ५० हजारांचं कर्ज घेतलं, फेडलं. २०२२ साली १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली आणि लोक पुन्हा पत्र्याबद्दल विचारू लागले.

मागच्या उन्हाळ्यात शेठनी बोलावलं. त्यांची मुलगी शिकागोला असते, तिथे तिचं छोटं दुकान आहे. तिच्या दुकानाचा दर्शनी भाग नवा झाला होता आणि खर्चाचा मोठा हिस्सा शहरानं दिला होता. तिथे स्मॉल बिझनेस इम्प्रूव्हमेंट फंड म्हणून योजना आहे. ठरावीक भागांतल्या मालमत्ता कराची वाढ त्याच भागासाठी बाजूला ठेवतात, त्यातून हा पैसा येतो. आधी कामाला मंजुरी, मग दुकानदारानं स्वतः खर्च करायचा, शेवटी बिलं दाखवून ठरलेला वाटा परत घ्यायचा. हे कर्ज नाही, फेडावं लागत नाही. आणि भाडेकरूलाही अर्ज करता येतो.

हे शेवटचं ऐकून मी उठून बसलो. आपल्या मांडवी-रावपुऱ्यात अडतं ते नेमकं इथेच. पागडीचा भाडेकरू म्हणतो, भिंत मालकाची, मी का खर्च करू? मालक म्हणतो, भाडं शंभर-दोनशे, मी का करू? मग लाकडी छज्जा कुजतो, त्यावर फ्लेक्स ताणतात, आतलं कोरीव काम कोणाला दिसतही नाही. १९०६ साली सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आमचा धंदा त्या वाचणाऱ्या माणसांवरच उभा आहे. दुकानाचं तोंड दुकानदाराचं असेल, पण रस्ता सगळ्यांचा आहे. अर्धा पैसा शहरानं घालावा, आणि काम झाल्यावरच द्यावा, म्हणजे खोटी बिलं येणार नाहीत.

शहराकडे हेच मागायला शेठ आणि मी मिळून त्यांच्या ओळीतल्या अकरा दुकानांचा अर्ज तयार करतो आहोत. प्रत्येक दुकानाचा फोटो, छज्जाची अवस्था आणि अंदाजे खर्च त्यात असेल. मालक आणि भाडेकरू दोघांच्याही सह्या हव्यात, सात दुकानांच्या झाल्या. उरलेल्या चौघांनी सहीला येताना शटरची रुंदी मोजून आणावी, फूट-इंचात, आणि छज्जापासून ओट्यापर्यंतची उंचीही. पाटीचा नमुना मी कागदावर काढून देईन, त्याचे पैसे नाहीत.