विन्चिल्याताचं भुयार

आपल्याकडे गड म्हटला की भुयाराची गोष्ट आलीच. ‘हे इथून निघतं ते थेट खालच्या देवळात’ असं सांगणारा एखादा काका पायथ्याला भेटतोच आणि बुजलेलं एक भोक दाखवतो. या गोष्टींवरचा माझा विश्वास कधीच उडालाय. पण फ्लॉरेन्सजवळ एक भुयार खरोखर खणलं गेलं होतं. म्हणून उफ्फिझी या चित्रसंग्रहालयाची रांग नवऱ्याच्या गळ्यात घालून मी एकटीच सेत्तिन्यानोच्या सिटी बसमध्ये बसले.

सेत्तिन्यानो म्हणजे पाथरवटांचं गाव. तिथून पुढे चालत चढ. एका बाजूला ऑलिव्हची झाडं, दुसरीकडे सरूंची रांग, आणि वळणावर एकदम विन्चिल्याता. खरं सांगायचं तर आपल्या डोळ्यांना हिला किल्ला म्हणवत नाही, गढी म्हणू. तीसुद्धा मूळची नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन टेंपल लीडर नावाच्या श्रीमंत इंग्रजाने पडके अवशेष विकत घेतले आणि जुन्या धाटणीचे बुरूज-कंगोरे हौसेने नव्याने बांधून घेतले. आज इथे लग्नसमारंभ होतात. मी पोचले तेव्हा आत खुर्च्या मांडायचं काम चाललं होतं, फाटक बंद. मग तटाच्या कडेकडेने जेवढं फिरता आलं तेवढं फिरले.

दुसऱ्या महायुद्धात इटालियन लोकांनी पकडलेले ब्रिटिश बाजूचे बडे अधिकारी इथे ठेवले होते. कैदी नंबर एक म्हणावा असा जनरल रिचर्ड ओ’कॉनर होता, पण मला ओढून आणलं होतं एड्रियन कार्टन द वियार्टने. जन्म ब्रुसेल्सचा, 1880चा. ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून, खोटं नाव-वय सांगून तो बोअर युद्धात शिरला आणि तिथे पहिली गोळी खाल्ली. 1914 साली सोमालीलँडमध्ये डावा डोळा गेला. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या ईप्रला डाव्या हाताचा चेंदामेंदा झाला. डॉक्टर लोंबणारी बोटं कापेना, तेव्हा याने ती स्वतःच ओढून तोडली. पुढे पंजाही काढावा लागला. एवढं झाल्यावर माणूस पेन्शन घेऊन घरी बसेल की नाही? हा फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर हजर.

तिथे 2 आणि 3 जुलै 1916 रोजी ला बॉइसेल हे गाव घेताना इतर तीन बटालियनचे कमांडर कामी आले किंवा जखमी झाले. आपल्या बटालियनसकट त्या तिन्ही बटालियनचाही ताबा याने घेतला. एकच हात उरलेला, म्हणून हातबॉम्बची पिन दातांनी उपसायची आणि फेकायचा. याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. आत्मचरित्रात मात्र त्याने या पदकाचा उल्लेखसुद्धा केलेला नाही.

एप्रिल 1941मध्ये युगोस्लाव्हियाला निघालेलं त्याचं विमान लिबियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. हा पोहत काठाला आला आणि कैद झाला. पुढे त्याला या गढीत आणलं.

भुयार सुरू झालं ते आतल्या बंद पडलेल्या प्रार्थनागृहातून. सप्टेंबर 1942पासून साताठ महिने हाताला लागेल त्या हत्यारानिशी खणणं चाललं होतं. उपसलेली माती त्याच खोलीत दडवायची. खणणारे कोण, तर जनरल आणि ब्रिगेडियर. आयुष्यभर दुसऱ्यांना खंदक खणायला लावलेली मंडळी! तटाबाहेरच्या उतारावर वाकून मी त्या खडकाळ मातीत चावी खुपसून पाहिली. बोटभरही आत गेली नाही.

29 मार्च 1943च्या रात्री सहा जण बाहेर पडले. हारगेस्ट आणि माइल्स हे दोन न्यूझीलंडर रेल्वेने सीमेपर्यंत जाऊन स्वित्झर्लंडमध्ये पोचले. कार्टन द वियार्ट आणि ओ’कॉनर शेतकऱ्यांच्या वेषात डोंगरातून पायी निघाले. कार्टनचं वय बासष्ट, डोळा एक, हात एक, इटालियन भाषा शून्य. ज्या खुणांनी त्याची दंतकथा झाली, त्याच खुणा पळून जाणाऱ्याच्या जिवावर उठणाऱ्या. तरी आठ दिवस तो सापडला नाही! पुढे इटलीनेच तहाच्या बोलण्यांसाठी त्याला लिस्बनला नेलं, आणि चर्चिलने आपला खास प्रतिनिधी म्हणून चीनला धाडलं.

पहिल्या महायुद्धाबद्दल त्याने लिहून ठेवलंय की आपल्याला ते आवडलं. हे वाक्य मला आजही पचत नाही. त्याच्या धैर्याबद्दल शंका नाही, पण अशी आवड परवडायलाही एक वर्ग लागतो.

दोन दिवसांनी आम्ही रोमहून कासिनोला गेलो. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चार हजारांवर सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे त्यांतलेच. 10 जुलै 1944, टायबरचं वरचं खोरं. तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन, आणि ती रिकामी झाल्यावर तिचाच दस्ता. पदक तेच, व्हिक्टोरिया क्रॉस. वय बावीस. आत्मचरित्राचा प्रश्नच नव्हता.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रकाने शोधायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. जाधव, पवार, शिंदे, कदम अशी नावं रोमन लिपीत एकाखाली एक. नवरा ती मोठ्याने वाचत गेला, शाळेतल्या हजेरीसारखी.