माळावरचे चार खडे

मागच्या जुलैत वृक्षारोपणासाठी पोरांना घेऊन शाळेमागच्या माळावर गेले होते. कुदळी, पाण्याची कळशी, टोपलीत लिंबाची रोपं. पहिला घाव घालणार तोच चौथीतली एक मुलगी ओरडली, "मॅडम, हितं नको! अंडी हायती!"

मला काही दिसेना. तिनं खाली बसून बोट दाखवलं तेव्हा कळलं, पायाजवळच्या खड्यांतले चार खडे टिटवीचे होते. घरटं म्हणावं असं काहीच नाही, नुसता मातीतला खळगा. आणि मघापासून डोक्यावर कोकलणारी जोडी आमच्याच नावानं शिमगा करत होती.

आमची शाळा बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला. जवळच मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा तिथं आहे, तसा बाहेरच्या माळावरही दिसतो. तरी वर्गात 'वन्यप्राण्यांची नावं लिहा' म्हटलं, की वह्यांत वाघ, सिंह, हत्ती. एकानं तर जिराफ लिहिला. त्याच्या वस्तीवर रोज रात्री खोकड येतं, पण ते त्याच्या लेखी 'वन्य' नव्हतं.

मग परिसर अभ्यासाच्या तासाला घरचा अभ्यास दिला : माळावर कोण राहतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. दुसऱ्या दिवशी फळा पुरेना. लांडगा, तरस, ससा, घोरपड, मुंगूस, चंडोल, होला. एका मुलीचे आजोबा मेंढरं राखतात, त्यांना वर्गात बोलावलं. रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, कशी लावतात ते त्यांनी सांगितलं. लांडगा कोकरू नेतो, मग राग येत नाही का, असं पोरांनी विचारलं. म्हणाले, "येतो की. पण रान त्याचंबी हाय." मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "आमची शेळी नेली त्यानं, माझे पप्पा असं नाय म्हणत." दोन्ही बाजू फळ्यावर लिहिल्या आणि तशाच राहू दिल्या. निकाल द्यायला मी कोण?

सगळ्यात रंगला तो कुसळाचा तास. दिवाळीनंतर माळावरून आलो की पोरांच्या चड्ड्या-फ्रॉक कुसळांनी भरलेले. एरवी मी वैतागते. त्या दिवशी म्हटलं, काढा आणि तळहातावर ठेवा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला. वाळलेलं कुसळ हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागलं! "मॅडम, जित्तं हाय!" जितं नाही. त्याच्या शेपटीचा पीळ ओलाव्यानं सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत टोकाचं बी मातीत घुसतं. गवत स्वतःची पेरणी स्वतःच करतं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत नळावर ही गर्दी.

एवढं शिकवल्यावर 'ओसाड माळ हिरवा करूया' असं पोरांपुढे बोलायला माझीच जीभ रेटेना. हा माळ ओसाड नाही, पावसाळा सोडला तर पिवळा असतो, इतकंच. टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांना चहूकडचं मोकळं दिसावं लागतं. मध्ये झाडं उभी केली की अंड्यांवर टपलेल्या कावळ्यांना आयती बसायची सोय. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, त्या माळढोकाच्या तर नावातच माळ आहे. मी मात्र आधीची सहा वर्षं हौसेनं तिथं खड्डे घेतले होते. बरीचशी रोपं जगली नाहीत, तेव्हा हळहळले होते.

ती लिंबाची रोपं आम्ही शाळेच्या कुंपणाला आणि रस्त्याकडेला लावली.

अंड्यांकडे पोरं रोज लांबूनच बघायची. अठराव्या दिवशी खळगा रिकामा. टरफलंही नाहीत. निम्मा वर्ग म्हणतो पिल्लं निघून चालती झाली, निम्मा म्हणतो मुंगसानं खाल्ली. मुंगूसवाल्यांचा म्होरक्या तोच, जिराफवाला. टिटवीला अंडी उबवायला चार आठवडे तरी लागतात, असं त्याला कुणीतरी सांगितलंय, आणि आम्हाला अंडी नेमकी कधीची दिसली यावरून वाद अजून चालू आहे.