खोगिरापासून खुरापर्यंत : आमची वाटचाल

पुण्यात खोगीर, लगाम आणि तंग (खोगीर आवळण्याचा पोटाखालचा पट्टा) शिवण्याच्या कामातून आमचा व्यवसाय उभा राहिला. सामान दुरुस्तीला आणणारे घोडेमालक बोलता बोलता पायांच्या तक्रारी सांगत: नाल निखळला असून नालबंद आठवडाभर येणार नाही, किंवा खुराच्या कडा खिळ्यांनी इतक्या फुटल्या आहेत की नवा खिळा धरत नाही. अशा घोड्यांसाठी अमेरिकेत 1970 च्या दशकापासून काढता-घालता येणारे बूट वापरात आहेत, हे समजल्यावर आम्ही काही जोड मागवले आणि हळूहळू तेच आमचे मुख्य काम झाले.

बूट विकणे सोपे आहे. ते नेमके बसवण्यात खरे कसब लागते. खूर तासून त्यावर कानस फिरवल्यानंतर लगेच माप घ्यावे लागते, कारण खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. रुंदी तळव्याच्या सर्वांत रुंद जागी घ्यायची आणि लांबी पुढच्या टोकापासून टाच जमिनीला टेकते त्या रेषेपर्यंत. तिच्या मागचा मऊ, फुगीर भाग धरायचा नाही. नवखे लोक हमखास तो धरतात आणि मोठा बूट मागतात. पुढचे खूर गोलसर असतात, मागचे निमुळते, म्हणून आम्ही चारही पाय स्वतंत्र मोजतो. अंदाजाने नंबर सांगून फोनवर बूट मागवणाऱ्यांना आम्ही आजही नकार देतो, मग गिऱ्हाईक गेले तरी बेहत्तर.

खूर स्वच्छ करून बूट पुढून सरकवायचा, रबरी हातोडीने ठोकून बसवायचा आणि मगच पट्टा आवळायचा. त्यानंतर मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याला, घोडा कडक जमिनीवर चालवायला आणि दोन्ही अंगांना वळवायला सांगतो. बूट खुराभोवती फिरला, तर तो मोठा आहे. दहा-पंधरा मिनिटांनी बूट काढून टाचेवरचे केस पाहतो. ते विस्कटलेले दिसले, की तिथे पुढे जखम होणार हे ओळखावे.

माथेरानसारख्या मोटारबंदीच्या गावात पर्यटकांची आणि मालाची वाहतूक करणाऱ्या घोड्यांना, किंवा डांबरी रस्त्यावरून वरातीत चालणाऱ्या घोड्यांना रबरी तळाचा फायदा स्पष्ट दिसतो, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर लोखंडी नाल घसरतो आणि प्रत्येक पावलाचा हादरा थेट पायात जातो. खुरात पू धरल्यावर औषधाची पट्टी कोरडी ठेवण्यासही बूट उपयोगी पडतो. तरीही पावसाळ्यात, तांबड्या चिखलात दिवसभर काम करणाऱ्या घोड्याला आम्ही बूट सुचवत नाही. चिखल आत शिरतो, कातडी सोलते आणि ओलाव्याने तळव्याचा मऊ भाग कुजू लागतो. ज्याच्या पायाला नाल मानवला आहे, त्याचा नाल काढायलाही आम्ही सांगत नाही.

विकलेला बूट पुढच्या तासणीनंतर पुन्हा बसवून पाहण्याचे आम्ही पैसे घेत नाही. मात्र रात्रभर तबेल्यात घालून ठेवल्यामुळे कातडी सोलली, तर त्याची हमी आमच्याकडे नाही, असे पावतीवर ठळक छापलेले असते.