१०० ने सुरू होणारा पत्ता

निफाडजवळच्या आमच्या मळ्यातून मोटरीची केबल दुसऱ्यांदा चोरीला गेली, तेव्हा मी विहिरीवर कॅमेरा लावला. घरच्या वायफायवर दादाला चित्र दिसायचं, मला पुण्यात काहीच नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेली हाक कॅमेऱ्याकडे वळवायची सोय, आणि तीनदा तपासलं. "अरे, इथं तर झकास दिसतंय," दादा फोनवर म्हणायचा.

शेवटी राउटरचा बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर यंत्र ज्यावरून ओळखतात तो आकडा, त्याच्याकडून वाचून घेतला. १००.७२ ने सुरू होणारा. तिथंच घोडं पेंड खात होतं.

१९८१ मध्ये ठरलेला आयपी पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळ्या जगाला मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोकळे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. पुढच्याच वर्षी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या आतल्या वापरासाठी राखला गेला. आता एका खऱ्या पत्त्याआड कितीतरी घरं असतात. घरातून पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, बाहेर पडलं की पुरवठादाराचं यंत्र नोंद करतं: आतला पत्ता आणि पोर्ट (यंत्राच्या दाराचा क्रमांक) कोणता, बाहेरचा कोणता. उत्तर त्या नोंदीवरून परत येतं. पण मी पुण्यातून आधी हाक मारली, तर नोंदच नसते आणि पॅकेट तिथंच टाकून दिलं जातं. आमच्या राउटरपर्यंत ते पोचतच नव्हतं.

थेट १००.७२ लाच पाठवावं, तर तेही नाही. वाटेतल्या कुठल्याच राउटरला पूर्ण रस्ता ठाऊक नसतो. पत्त्याची सुरुवात आपल्या तक्त्याशी ताडायची, जी नोंद सर्वांत लांबवर जुळेल तिकडे पॅकेट पुढे द्यायचं, एवढंच त्याचं काम. जगाच्या तक्त्यांत १००.७२ ची नोंद नसते, कारण तोच पत्ता दुसऱ्या पुरवठादाराच्या गिऱ्हाइकाकडेही असू शकतो.

पॅकेट कुठल्या राउटरांतून जातं ते दाखवणारं ट्रेसरूट दादाकडून चालवून घेतलं. पॅकेटला एकाच टप्प्याचं आयुष्य दिलं की पहिला राउटर ते टाकतो आणि तसं कळवतो. मग दोन टप्पे, मग तीन. पहिला १९२.१६८.१.१, आमचाच. दुसरा आणि तिसरा १०० वाले. चौथ्याला कुठे जगाला माहीत असलेला पत्ता आला.

कुठल्याही यंत्राला दुसऱ्याशी थेट बोलता यावं, ही इंटरनेटची मूळ कल्पना मला फार मोलाची वाटते. पत्त्यांच्या टंचाईत आपण ती गमावली, याचं वाईट वाटतं. आयपीची सहावी आवृत्ती १२८ बिटांची आहे, तिथं ही टंचाई नाही. पुरवठादाराला सांगून ती सुरू करून घेतली. कॅमेरा मात्र उघड्यावर ठेवला नाही. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद रस्ता, बसवलं आणि बाहेरच्यांना अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये तेवढीच एक वाट मोकळी केली.

काल रात्री साडेअकराला पाहिलं. वीज आली होती, मोटर चालू होती आणि अण्णा बॅटरीच्या उजेडात ठिबकचा फिल्टर धुत होते. कानाला मफलर नव्हता. लगेच फोन लावला.