सीटबेल्टच्या तळाशी लिहिलेले साल

गोव्यात वास्कोला गेली एकोणीस वर्षे मी एका सीमाशुल्क दलालाच्या कार्यालयात काम करतो. नियमांमध्ये आता 'कस्टम्स ब्रोकर' असा शब्द आला असला, तरी मुरगाव बंदराच्या गेटवरचा पहारेकरी असो वा बँकेतला कारकून असो, आम्हांला सगळे अजून 'सीएचए' (कस्टम हाउस एजंट) असेच म्हणतात. माझ्याकडे 'जी-कार्ड' नावाचे ओळखपत्र आहे, म्हणजे खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यामुळे मालाच्या कागदपत्रांवर सही करण्याचा अधिकार आहे. कोळसा, यंत्रांचे सुटे भाग, क्वचित एखाद्या हॉटेलचे स्वयंपाकघराचे सामान, असे आमचे नेहमीचे काम. त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी मांद्र्याहून आलेल्या गृहस्थांनी टेबलावर फाइल ठेवून "श्रीलंकेतून मोटरहोम आणायची आहे" असे सांगितले, तेव्हा मी आधी चहा मागवला.

गृहस्थ साठीचे होते आणि तीस वर्षे जहाजावर काढून घरी परतले होते. अशा माणसाला आमच्याकडे तारवटी म्हणतात. नेगोम्बोचा एक जुना सहकारी त्यांच्या संपर्कात होता आणि त्याच्या ओळखीच्या माणसाकडे ही गाडी विकायला होती. मूळची जपानी व्हॅन, छत उंच करून घेतलेले, आत दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात छोटेसे शौचालय. हंगामात ती पर्यटकांना भाड्याने द्यायची, असा व्यवहाराचा भाग त्यांनी आधी सांगितला. खरे कारण चहाचा कप अर्धा झाल्यावर बाहेर आले. त्यांच्या आईला ब्याऐंशी वर्षे झाली होती. पंढरपूरला जायचा ध्यास तिने घेतला होता, पण बसमध्ये ती दोन तासांपेक्षा जास्त बसू शकत नव्हती आणि वाटेतल्या स्वच्छतागृहांच्या पायऱ्या चढणे तर तिला मुळीच जमत नव्हते.

फाइल नीट लावलेली होती. विक्रेत्याचे प्रोफॉर्मा इनव्हॉइस म्हणजे विक्रीआधीचे कच्चे बिल, रंगीत छायाचित्रे आणि ज्या कारखान्याने व्हॅनचे घर केले त्याचे प्रमाणपत्र असे सगळे होते. शेवटी बँकेची पावती होती आणि ती पाहून माझा हात थांबला, कारण किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम आगाऊ पाठवून झाली होती. आमच्या धंद्यातली पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, सल्ल्याला येते ती बहुधा पैसे गेल्यावरच.

पहिला घोळ बंदराचा होता. जहाज मुरगावला लागेल आणि गाडी तिथूनच चालवत मांद्र्याला नेता येईल, हे त्यांनी गृहीत धरले होते. "आपलंच बंदर आहे ना, भाऊ," असे ते म्हणाले. मी त्यांना आयात धोरणातील वाहनांविषयीच्या ८७ व्या प्रकरणाच्या अटी दाखवल्या. परदेशात वापरलेली गाडी भारतात आणायची असेल, तर ती फक्त मुंबईच्या सीमाशुल्क बंदरातून उतरवता येते, मग खरेदीदार गोव्याचा असो की गुवाहाटीचा. त्याच अटींमध्ये असेही लिहिले आहे, की स्टिअरिंग उजवीकडे असावे, वेगदर्शक किलोमीटरमध्ये असावा, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा असावा आणि गाडी निर्मितीच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी. श्रीलंकेतही वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिल्या तीन अटी छायाचित्रांवरूनच पूर्ण होत होत्या. इनव्हॉइसवर निर्मितीचे वर्ष २०२२ होते, म्हणजे चौथीही कागदावर पूर्ण होत होती.

"मग हरमलला डाव्या स्टिअरिंगच्या एवढ्या मोटरहोम उभ्या असतात, त्या कुठल्या बंदरातून आल्या?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. नारळाच्या झाडांखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या त्या गाड्या आम्हां गोंयकारांना लहानपणापासून ठाऊक आहेत. त्या आयात झालेल्या नसतात, पाहुण्या असतात. पर्यटक आपल्या देशातल्या मोटर संघटनेकडून कार्ने नावाचे पुस्तक घेऊन निघतो. त्याचे एकेक पान तीन भागांचे असते. देशात शिरताना एक भाग सीमाशुल्क अधिकारी फाडून ठेवतो, बाहेर पडताना दुसरा, आणि पुस्तकात उरलेल्या भागावर दोन्ही वेळचे शिक्के राहतात. १९७६ च्या अधिसूचनेनुसार अशी गाडी साधारण सहा महिन्यांसाठी शुल्काशिवाय आत येते, पण ती परत जावीच लागते. इथे विकली, तर शुल्काची जबाबदारी हमी देणाऱ्या संघटनेवर पडते. अशी गाडी स्वस्तात घ्यायला निघालेले दोन-तीन हॉटेलवाले मी याआधी परत पाठवलेले आहेत.

शुल्काचा हिशेब मी कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. राहण्याची, झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली स्वयंचलित गाडी शुल्कसूचीतल्या ८७०३ या शीर्षात येते. दुसऱ्या वाहनाला जोडून ओढायचा कॅराव्हॅन असता, तर शीर्ष ८७१६ झाले असते. वापरलेल्या मोटरगाडीवर तेव्हा मूळ सीमाशुल्क १२५ टक्के होते आणि त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे जहाजभाडे आणि विमा धरून शंभर रुपयांना पडलेली गाडी २३७ रुपये ५० पैशांवर जात होती, तिच्यावर तेव्हाचा २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लावला की ३०४ रुपये होत होते, आणि भरपाई उपकर अजून बाकीच असायचा. श्रीलंकेबरोबर मुक्त व्यापार करार आहे हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. तो करार २००० पासून लागू आहेच, पण मूळ श्रीलंकेचे नसलेल्या मालाला त्याचा लाभ मिळायचा तर निदान ३५ टक्के मूल्यवर्धन तिथे झालेले असावे लागते आणि ते खात्यासमोर सिद्ध करता यावे लागते. जपानी व्हॅनमध्ये दोन बिछाने आणि एक शेगडी बसवून ते सिद्ध होईल, असे मला वाटले नाही. आकडे ऐकून ते गप्प झाले, पण डगमगले नाहीत. जहाजावरची सारी शिल्लक त्यासाठीच ठेवली आहे, एवढेच म्हणाले.

खरे तर इथे माझे काम संपायला हवे होते. मुंबईच्या एखाद्या ब्रोकरचा फोन नंबर देऊन मी त्यांना निरोप दिला असता, तर कोणी दोष दिला नसता. पण २०२२ हा आकडा मला खुपत होता. परकीय चलन वाचवण्यासाठी श्रीलंकेने २०२० च्या मार्चमध्ये वाहनांची आयात थांबवली होती आणि काही अपवाद वगळता ती बंदी तेव्हाही चालू होती. कोलंबोमार्गे येणाऱ्या मालाचे काम करत असल्यामुळे तिथल्या लोकांचे रडगाणे आम्ही रोज ऐकत होतो. जुन्या गाड्यांचे भाव तिथे चढले होते ते याच कारणाने. मग २०२२ साली जपानच्या कारखान्यातून बाहेर पडलेली व्हॅन त्या बेटावर आली कशी?

मी त्यांना विक्रेत्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. माणूस मनमिळाऊ होता. मोबाइल हातात धरून त्याने आम्हांला गाडीभर फिरवले, सिंकचा नळ सोडून दाखवला, छताची झडप उघडून दाखवली. दरवाज्याच्या आत पितळी रिव्हेट मारलेली एक चकचकीत पट्टी होती आणि तिच्यावर कारखान्याचे नाव आणि २०२२ हे साल कोरलेले होते. पार्टीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. मी चेसिस नंबर विचारला. जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाड्यांना आपल्यासारखा सतरा अक्षरांचा नंबर नसतो. मॉडेलचा संकेत, एक आडवी रेघ आणि सहा-सात आकडे, इतकेच असते, त्यामुळे दहाव्या अक्षरावरून साल काढायची आमची नेहमीची युक्ती तिथे चालत नाही.

मग मी सीटबेल्ट दाखवायला सांगितला. पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तळाशी कापडाची छोटी चिठ्ठी शिवलेली दिसते आणि तिच्यावर पट्टा कोणत्या वर्षी तयार झाला ते बहुधा छापलेले असते. चिठ्ठी आतल्या बाजूला राहत असल्यामुळे गाडीला कितीही रंग लावला तरी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. विक्रेत्याने पट्टा ओढला, मोबाइल जवळ नेला आणि चिठ्ठीवर २०२२ दिसले. "झालं समाधान, भाऊ?" पार्टीने विचारले. माझेही जवळजवळ झाले होते, इतक्यात पट्ट्यामागच्या गादीचा रंग माझ्या लक्षात आला. ती मागची जोडलेली बैठक होती, कारखान्याने नवी बसवलेली. मी चालकाच्या सीटचा पट्टा ओढायला सांगितले. तिथे उजेड कमी आहे, असे विक्रेता म्हणाला. मोबाइलची बॅटरी लावा, मी म्हणालो. पुढची पंधरा-वीस सेकंदे पडद्यावर नुसती गाडीची जमीन आणि त्याच्या चपला दिसत होत्या. मग चिठ्ठी दिसली. ती मळकट होती, कडा उसवल्या होत्या आणि साल २०१७ होते.

विक्रेत्याने वाद घातला नाही. उलट, जपानमधून गाडी बाहेर जाताना तिथली नोंदणी रद्द केल्याचा जो दाखला मिळतो, त्याचे छायाचित्र त्याने पाच मिनिटांत पाठवले. सगळा मजकूर जपानी लिपीत होता आणि तो इथे कोणाला वाचता येईल, असे बहुधा त्याला वाटले नसावे. मलाही जपानी येत नाही. पण जुनी यंत्रे आणताना असे कागद हाताखालून गेले आहेत, त्यामुळे पहिल्या नोंदणीचा रकाना कुठे असतो ते माहीत होते. तिथे 'हेइसेइ' युगाची दोन चित्राक्षरे आणि पुढे २९ हा आकडा होता. हेइसेइ युगाचे पहिले वर्ष १९८९, म्हणून आकड्यात १९८८ मिळवायचे. बेरीज २०१७ आली.

त्या माणसाला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्या लेखी मोटरहोम २०२२ मध्येच तयार झाली होती, कारण त्याआधी ती नुसती व्हॅन होती. मोटरहोमच्या व्यवहारात ही दोन साले नेहमीच वेगळी असतात, एक चाकांचे आणि एक घराचे. मात्र तीन वर्षांची अट वाहनाच्या निर्मितीला लागू आहे, आत ठोकलेल्या प्लायवूडला नाही. मुंबईत तपासणीच्या वेळी हे उघड झाले असते, तर गाडी निषिद्ध माल म्हणून जप्तीस पात्र ठरली असती, दंड झाला असता आणि निकाल लागेपर्यंत गोदीचे भाडे दिवसागणिक चढत राहिले असते.

मी हे सगळे सांगत असताना पार्टी खिडकीतून बाहेर बघत होती. "आईला सांगून बसलोय," एवढेच ते म्हणाले. मी दुसरा मार्ग सुचवला. मोटर कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे मानक आहे आणि मान्यता घेतलेल्या बांधणीदाराकडून भारतीय चेसिसवर तशी गाडी करून घेता येते. तिला वेळ लागतो, हे मी लपवले नाही. आईकडे वेळ किती आहे, हे त्यांनी मला विचारले नाही आणि मीही बोललो नाही.

आगाऊ रकमेचे काम त्यापेक्षा किचकट निघाले. पैसे बँकेतून रीतसर गेले असल्यामुळे सहा महिन्यांत माल आल्याचा किंवा पैसे परत आल्याचा पुरावा बँक मागणारच होती. विक्रेत्याला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी त्यांना करून दिला. नोंदणीचा दाखला आणि इनव्हॉइस यांतील सालांचा फरक त्यात शांत शब्दांत मांडला. चौथ्या महिन्यात बँकेचे आकार कापून रक्कम परत आली. या कामाचे बिल आमच्या मालकांनी केले नाही. मी करणार होतो.

त्या वर्षी कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर ते आईला घेऊन पंढरपूरला गेले. म्हापशाहून भाड्याने टेम्पो ट्रॅव्हलर घेतली होती आणि दर दीड तासाने थांबत, वाटेत दोन मुक्काम करत ते पोचले. दर्शन झाल्यावर संध्याकाळी त्यांचा फोन आला. आई खुशाल आहे, असे सांगून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "बाब, इथे पार्किंगमध्ये एक मोटरहोम उभी आहे आणि तिचा मालक ती विकायला काढलीय म्हणतो. चालकाचा पट्टा ओढून बघू?"

मी म्हटले, आधी मालकाला विचारा.