शून्य म्हणजे कोरडी की काठोकाठ? विहिरींच्या नोंदींची स्कीमा बांधताना

पहिला नकाशा मी मोठ्या हौसेनं मोठ्या कागदावर छापून नेला होता. पुरंदर तालुक्यातली सात गावं, त्यांतल्या विहिरी आणि मे महिन्यातली पाण्याची पातळी. पाणी जितकं वर, तितका ठिपका गडद निळा. शाळेच्या व्हरांड्यात नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या. एका आबांनी चष्मा पुसला आणि सगळ्यात गडद ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ताई, ही आमची. हिच्या तळाला सध्या कुत्रं झोपतंय सावलीला."

विहिरीची पातळी म्हणजे काठापासून पाण्यापर्यंतची खोली. म्हणजे शून्य मीटर याचा अर्थ पाणी काठाला लागलंय. आमच्या पोरांनी मात्र कोरड्या विहिरीपुढे सरळ ० लिहिलं होतं. पाणी नाही, म्हणून शून्य. त्यांचं काय चुकलं? रकान्याचं नाव 'पातळी' एवढंच होतं. अशा अकरा विहिरी निघाल्या आणि सगळ्या माझ्या नकाशात तुडुंब भरलेल्या. नकाशाची गुंडाळी करून मी परत आले. त्या दिवसापासून पुढचे पाच महिने मी जे केलं, त्याला, म्हणजे कोणती माहिती कोणत्या रकान्यात आणि कोणत्या नियमानं ठेवायची हे ठरवण्याला, इंग्रजीत स्कीमा डिझाइन म्हणतात हे मला नंतर कळलं.

तोवर आमच्या छोट्या संस्थेचा सगळा कारभार एक्सेल आणि शेपफाइल या नकाशाच्या फाइलींवर चालायचा. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस मला येत होतं, पण डेटाबेस म्हणजे आयटीवाल्यांचं काम अशी समजूत होती. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, त्यामुळे 'कठड्याची उंची' हे रोमन दहा अक्षरांत कोंबल्यावर वर्षभरानं मलाच वाचता येत नसे. रिकाम्या आकड्याचाही तिथे भरवसा नाही, इकडे रिकामं ठेवलेलं तिकडे शून्य होऊन उगवतं. एक्सेलची तऱ्हा आणखी वेगळी. गट नंबर १२/३ टाकला की ते आपल्याला न विचारता १२ मार्च करून ठेवतं. सातबाऱ्याशी ताळा घ्यायला बसलो तेव्हा यादीत बारा-पंधरा तारखा होत्या. गट नंबर दिसतो आकड्यासारखा, पण तो आकडा नाही, नाव आहे. त्याची बेरीज कोणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच साठवायचा, हा माझा पहिला निर्णय.

सुरुवात कागदावर केली आणि ते बरंच झालं. 'विहीर म्हणजे काय' एवढं लिहायला बसले आणि दुपार गेली. विहीर, आड, बोअर हे ठीक. पण विहीर आटली म्हणून तिच्याच तळाला मारलेलं बोअर? ती एक नोंद की दोन? आमच्याकडचा खडक बेसॉल्ट. पाणी असतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, त्यामुळे शंभर फुटांवरच्या दोन विहिरींचं एकमेकींशी पटेलच असं नाही, आणि एकाच जागी वरची विहीर कोरडी आणि तळातलं बोअर चालू असंही असतं. शेवटी दोन नोंदी ठेवल्या आणि बोअरच्या नोंदीत 'कोणत्या विहिरीच्या पोटात' असा एक रकाना दिला.

कागदावरचं संगणकावर आणायला पीजीमॉडेलर घेतलं. ब्राझीलमध्ये सुरू झालेलं हे ओपन सोर्स साधन पोस्टग्रेस या डेटाबेससाठी आहे. चौकटी काढायच्या, रेषांनी जोडायच्या, की खालून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, तयार. पोस्टजीआयएस ही पोस्टग्रेसला नकाशाचा डेटा सांभाळायला लावणारी जोड, तिचे भूमितीचे प्रकारही त्याला कळतात. त्याचा सोर्स कोड फुकट, पण चालवायला तयार प्रोग्रॅम मात्र ते विकतात. फुकट हवं तर स्वतः कंपाइल करा, म्हणजे कोडवरून प्रोग्रॅम बांधा. मी दोन रात्री घालवून केलं. आज विचाराल तर सांगेन, ती रक्कम भरून टाका, निदान ते बनवणाऱ्या माणसाला चहापाणी तरी होईल.

इथे माझ्या मराठीपणाला ऊत आला. पोस्टग्रेसमध्ये टेबलांची आणि रकान्यांची नावं देवनागरीत चालतात, अवतरणचिन्हंसुद्धा लागत नाहीत. मग काय, सगळं मराठीत! 'विहिरीतील_पाण्याची_पातळी_मे' आणि 'विहिरीतील_पाण्याची_पातळी_ऑक्टोबर' असे दोन रकाने टाकले. चालवलं तर उत्तर आलं, एकच रकाना दोनदा दिला आहे. दोनदा? मी डोळे फाडून बघतेय, मे आणि ऑक्टोबर वेगळे दिसताहेत. अर्ध्या तासानं उलगडलं. पोस्टग्रेस नावाला ६३ बाइट देतं. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, प्रत्येकी ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हं. त्यापुढचं ते कापतं आणि कापल्याची फक्त बारीकशी सूचना देतं. माझ्या दोन्ही रकान्यांचं नाव उरलं होतं 'विहिरीतील_पाण्याची_पात'. पात!

हसू आलं, पण त्या हसण्यातच खरी गोम सापडली. नाव लांबलं ते का? मी महिना नावात घातला होता म्हणून. पुढच्या वर्षी पुन्हा दोन रकाने, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोन. एक्सेलची सवय, दुसरं काय. विहीर एकदाच नोंदवायची, तिची मोजणी मात्र पुन्हा पुन्हा होते. म्हणजे मोजणीचं टेबल वेगळं हवं: कोणती विहीर, कोणती तारीख, किती खोल. पुस्तकातलं नॉर्मलायझेशन, म्हणजे टेबलांची हीच विभागणी, मी तीनदा वाचून सोडलं होतं. ते डोक्यात शिरलं एका कापलेल्या 'पात'मुळे. (नावं शेवटी रोमनच ठेवली. मराठी नाव क्यूजीआयएसमध्ये टोपणनाव म्हणून दिलं आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ पोस्टग्रेसच्या कॉमेंटमध्ये मराठीत लिहून ठेवला. कॉमेंटला ६३ बाइटची अट नाही.)

मग त्या शून्याकडे वळले. मोजणीच्या टेबलात 'स्थिती' असा सक्तीचा रकाना घातला: पाणी आहे, कोरडी, मोजता आली नाही. पाणी असेल तर खोली भरलीच पाहिजे, नाहीतर खोली रिकामीच पाहिजे, अशी चेक अट, म्हणजे न बसणारी ओळ डेटाबेसनं घ्यायचीच नाही. पहिल्या फेरीत ही अट बिनबोभाट फसली. मी लिहिलं होतं की पाणी असेल तर खोली शून्य किंवा जास्त हवी. पण खोली रिकामी असली की एसक्यूएलच्या दृष्टीनं उत्तर 'माहीत नाही' असं येतं, आणि 'माहीत नाही'ला चेक अट अडवत नाही, सोडून देते. खोली रिकामी नसावी हे वेगळं, स्पष्ट लिहावं लागतं.

त्याच टेबलात कठडा आला. टेप सोडणारा माणूस कठड्यावरून सोडतो, आणि कठडे कुठे दीड फूट तर कुठे कमरेएवढे. दोन विहिरींची तुलना करायची तर जमिनीपासूनची खोली हवी. म्हणून कठड्याची उंची विहिरीच्या नोंदीत ठेवली, मोजणीत फक्त टेपवर दिसलेला आकडा, आणि वजाबाकी व्ह्यूवर, म्हणजे टेबलांवरून आपोआप हिशोब करून दाखवणाऱ्या तक्त्यावर, सोपवली. माणसानं उन्हात उभं राहून वजाबाकी करायची नाही, हा नियम मी भिंतीवर लिहिला नाही, पण पाळला.

मध्येच दोन संध्याकाळी एका वेगळ्या वाटेनं गेले. स्वित्झर्लंडमध्ये जमिनीच्या मोजणीचा डेटा इंटरलिस नावाच्या भाषेत बांधतात. चित्र नाही, साधी मजकुराची फाइल. रकान्याची किमान-कमाल मर्यादा, एकक, कोण कोणाशी जोडलेलं, सगळं तिथे लिहायचं. मग क्यूजीआयएसमधलं मॉडेल बेकर हे प्लगइन त्यावरून पोस्टजीआयएस किंवा जिओपॅकेज फाइलमध्ये टेबलं तयार करतं, भरायचे फॉर्मसुद्धा मांडून देतं. मला ते मनापासून आवडलं. खोली ० ते ६० मीटर एवढं लिहिलं की साठाच्या वरचा आकडा आत येतच नाही. पण माझ्यामागून येणारा जो कोणी असेल, त्याला एसक्यूएल शिकवणारा पुण्यात कोपऱ्या-कोपऱ्यावर भेटेल, इंटरलिस शिकवणारा कुठून आणू? सोडून दिलं. सरकारी पातळीवर, दहा कार्यालयांनी एकच साचा वापरायचा असेल, तर मात्र हीच वाट धरावी असं मला वाटतं.

निर्देशांक प्रणालीवर फार वेळ गेला नाही. आमची सगळी गावं ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणून यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या प्रणालीचा झोन ४३, त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. अंतरं थेट मीटरमध्ये मिळतात. हेच काम नागपुरात असतं तर झोन ४४ लागला असता.

गावात मोजणीसाठी क्यूफील्ड हे फोनवरचं ॲप. क्यूजीआयएसमध्ये मांडलेला फॉर्म जसाच्या तसा फोनवर, आणि रेंज नसली तरी चालतो. दोन कार्यकर्त्यांकडे दोन फोन दिले. संध्याकाळी दोन्हींतल्या नोंदी एकत्र केल्या, तर एका अंजिराच्या बागेतल्या विहिरीला दोन किलोमीटरवरच्या आडाच्या मोजण्या चिकटलेल्या! कारण साधं होतं. दोन्ही फोन ऑफलाइन, दोन्हींनी नव्या विहिरीला पुढचा क्रमांक दिला ४१. दोन एकेचाळीस एकत्र आले आणि मोजण्यांनी आपली आई ओळखली नाही. यावर उपाय यूयूआयडी, म्हणजे क्रमानं न येणारी लांबलचक ओळख, जी दोन फोनांवर सारखी येणं व्यवहारात घडत नाही. क्यूजीआयएसमध्ये ती रकान्याची डिफॉल्ट, म्हणजे आपोआप भरली जाणारी, किंमत म्हणून देता येते. दोन खड्डे सांगून ठेवते. तिथली यूयूआयडी महिरपी कंसासकट येते, त्यामुळे पोस्टग्रेसमध्ये रकाना मजकुराचा न ठेवता यूयूआयडी प्रकाराचाच ठेवा, म्हणजे कंस असो-नसो, जुळते. आणि 'अप्लाय डिफॉल्ट व्हॅल्यू ऑन अपडेट' या चौकोनात चुकूनही टिचकी मारू नका, नाहीतर नोंद दुरुस्त केली की तिची ओळखच बदलते. मी मारली होती.

गावांच्या नावांची तर वेगळीच गंमत. एका यादीत बुद्रुक, दुसरीत 'बु.', तिसरीत 'बु॥'. आणि आमची नदी कऱ्हा. डोळ्यांना एकच शब्द, पण कोणी पूर्ण ऱ टंकलेला, कोणी र खाली नुक्ता देऊन, कोणी अदृश्य जोडचिन्ह घालून. संगणकाच्या लेखी तीन नद्या. पहिल्या दोघी पोस्टग्रेसच्या नॉर्मलाइज फंक्शननं एकत्र येतात, तिसरी हातानंच ओढून आणावी लागते. म्हणून नावावरून जोडणी करायचीच नाही. गावाला सरकारी निर्देशिकेतला कोड, ओढ्या-नद्यांना आमची स्वतःची छोटी यादी, आणि फॉर्ममध्ये निवड यादीतूनच.

शेवटचं टेबल हिश्श्यांचं. एवढ्या वेळा डोकं फुटल्यावर हे सोपं जाईल असं वाटलं होतं. विहिरी बहुतेक सामायिक, आणि पाण्याची पाळी ठरते हिश्श्यावर. मी टक्के ठेवले. तीन भावांना ३३.३३, बेरीज ९९.९९. तो एक पैसा कोणाच्या वावरात गेला? आबांना विचारलं. ते म्हणाले, "आण्यात लिहा की." सोळा आण्यांचा एक रुपया, बारा पैंचा एक आणा, म्हणजे पूर्ण विहीर १९२ पै. तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे पाच आणे चार पै, तंतोतंत. निम्मा, पाव, सहावा, आठवा, बारावा, सगळे पूर्णांकात बसतात. जुन्या लोकांनी अपूर्णांक टाळायची केवढी सोय करून ठेवली होती! मी खुशीत पैचा पूर्णांक रकाना केला.

"पण आमच्या विहिरीला आम्ही पाच भाऊ," आबा म्हणाले.

१९२ ला पाचानं भाग जात नाही. पैचा रकाना काढला, अंश आणि छेद असे दोन रकाने ठेवले. आणे फक्त दाखवण्यापुरते राहिले, तेही आबांच्या आग्रहाखातर.

एका विहिरीच्या सगळ्या हिश्श्यांची बेरीज एक झालीच पाहिजे, ही अट साध्या चेकमध्ये बसत नाही, कारण चेक एकेका ओळीपुरतीच बघते. ट्रिगर, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणारी तपासणी, लिहावा लागतो. लिहिलाही. बसवायच्या आधी म्हटलं, एक व्ह्यू करून बघू, बेरीज कुठे चुकतेय. चार विहिरी आल्या. तीन ठिकाणी टंकलेखनाची चूक, दुरुस्त केली. चौथीची बेरीज वीस आणे.

फोन लावला. "आबा, त्या ओढ्याकाठच्या विहिरीचे हिस्सेदार परत विचारायला हवेत. वीस आणे भरताहेत."

"वीसच आहेत," आबा म्हणाले. "पाच घरं, चार-चार आणे. त्यातल्या दोघांचा एकाच चार आण्यावर दावा आहे. कोर्टात चालूये."

ट्रिगर मी बसवला नाही. व्ह्यू तसाच आहे. हिश्श्यांच्या टेबलात 'वाद' नावाचा एक रकाना वाढलाय, हो किंवा नाही.