भूकंप नसतो त्या दिवशी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो माझ्या मामानं. संगमेश्वरला, ओटीवर बसून सुपारी कातरता कातरता. "भूकंप होत नाही त्या दिवशी तू हापिसात करतेस काय?" त्यानंतर लग्नांच्या पंगतीत, विमानात, इथल्या शेजाऱ्यांकडून, सगळीकडून तोच प्रश्न आला. मामानं फक्त पुढचाही विचारला होता: "मग पगार कशाचा घेतेस?"

तर खरं उत्तर असं की मी भूकंपशास्त्रज्ञ असले, तरी भूकंप नसतो तेव्हाच माझं काम चालतं. झालाच, तर जमिनीच्या थरथरीच्या नोंदीतला तेवढा तुकडा मी कापून बाजूला ठेवते.

मी पाळत ठेवते ती जमिनीखालची उष्णता काढतात तिथल्या खडकावर. मामाला हे समजावून सांगावं लागत नाही, तुरळ आणि राजवाडीची गरम पाण्याची कुंडं त्याच्या माहितीतली. तिथे पाणी आपलं आपण वर येतं. मी राहते त्या स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी ती उष्णता वर आणायला चार-पाच किलोमीटर खोल बोअर मारावी लागते आणि खडकातून पाणी खेळवावं लागतं. दाबानं पाणी ढकललं की खडकातल्या भेगा उघडतात, सरकतात. २००६ च्या डिसेंबरात बाझेल शहराखाली असं पाणी भरलं, ८ तारखेला ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि पुढे तो प्रकल्पच गुंडाळला गेला. म्हणून असल्या जागी बारीकसारीक धक्के मोजत बसतात. पण भेग दर वेळी आवाज करून उघडते असं थोडंच आहे?

आई माठ घेताना टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर चिरलेला. चार किलोमीटर खालच्या खडकाला टिचकी मारायची कुणी? समुद्रानं. अटलांटिकमध्ये वादळ उठलं की समोरासमोरून येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडतात आणि त्या भिडण्याचा दाब थेट तळापर्यंत पोचतो. ब्रिटिश गणितज्ञ लाँग्वेट-हिगिन्स यांनी १९५० मध्ये याचं गणित मांडलं. त्यातून पाच ते दहा सेकंदांच्या संथ लाटा जमिनीतून युरोपभर पसरतात. जमीन हलते ती मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच, पण रात्रंदिवस हलते. त्यात रेल्वे, ट्रक, कारखाने यांची भर. भूकंपवाल्यांनी वर्षानुवर्षं याला कचरा म्हणून गाळून टाकलं.

आता दोन भूकंपमापक घ्या, समजा सहा किलोमीटर अंतरावर. पडद्यावर दोन्हीकडे नुसती खरखर दिसते. पण दिवसभराची एक खरखर दुसरीवर सरकवत सरकवत ताडून पाहिली की दोघींत सामाईक काय ते हळूहळू वर येतं. शेवटी हाती लागते ती नोंद अशी असते, की जणू एका यंत्राच्या जागी कुणी घण मारला आणि दुसऱ्यानं तो ऐकला. घण न मारता! मला अजूनही यात जरा चोरी केल्यासारखं वाटतं.

या नोंदीच्या सुरुवातीला जी मोठी लाट दिसते, ती सरळ आलेली. सेकंदाला तीन किलोमीटरच्या वेगानं तिला दोन सेकंद लागतात. खडक भेगाळून हा वेग हजारात एकानं कमी झाला, तर ती दोन मिलिसेकंद उशिरा येणार. आमचं यंत्र सेकंदाला १०० नोंदी घेतं, म्हणजे हा उशीर एका नोंदीच्या पाचव्या हिश्शाएवढा. तो काय दिसणार? म्हणून आम्ही नोंदीचं शेपूट, म्हणजे मागाहून येणाऱ्या लाटांचा भाग, धरतो. चाळिसाव्या सेकंदाला आलेली लाट खडकात आपटत, वळत, १२० किलोमीटर भटकून आलेली असते. तिचा उशीर साठत जाऊन चार नोंदींएवढा झालेला असतो. घड्याळ दिवसाला सेकंदभर मागे पडतं ते आज कळत नाही, दोन महिन्यांनी गाडी चुकते तेव्हा कळतं, तसंच. २००८ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ ब्रँगिए आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या ज्वालामुखीत याच वाटेनं उद्रेकाआधी साधारण हजारात एक एवढी वेगातली घट दाखवली होती.

उशिराबरोबर आम्ही लाटेचा चेहराही बघतो. खडकात काही नवं झालं की शेपटाचा आकारच बदलतो. स्वित्झर्लंडमधल्याच सांक्ट गालेन शहराजवळ २०१३ च्या जुलैत हेच झालं. तिथल्या बोअरमध्ये आधी चाचणीसाठी पाणी सोडलं, मग आम्ल. १९ तारखेला अनपेक्षितपणे मिथेन वायू उसळून वर आला. त्याला दाबायला पाणी आणि चिखल आत ढकलला आणि २० तारखेच्या पहाटे ३.५ चा धक्का बसला. नंतर अ‍ॅन ओबरमान आणि सहकाऱ्यांनी त्या दिवसांची खरखर तपासली. लाटांचा चेहरा पाणी सोडल्यापासूनच, म्हणजे वायू उसळायच्या चार दिवस आधीपासून बदलायला लागला होता, तोही बोअरच्याच आसपास. छोट्या धक्क्यांच्या मोजणीतून एवढ्या लवकर काही कळलं नव्हतं.

मात्र हे नंतर बघून कळलेलं आहे. याला भविष्यवाणी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही, कारण वेग कमी व्हायला इतर कारणंही पुष्कळ असतात. या नोकरीतल्या माझ्या पहिल्याच शरद ऋतूत वेगाचा आलेख सलग तीन दिवस उतरत गेला. हात थरथरत होते. ईमेल अर्धी लिहून झाली होती. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी पडद्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पाऊस किती पडलाय?" धो धो पडला होता. पाणी मुरून वरची माती जड झाली होती आणि मी तिचा दोष चार किलोमीटर खालच्या खडकावर ढकलत होते. ईमेल पुसून टाकली.

तेव्हापासून सकाळी हापिसात आल्यावर पहिली खिडकी उघडते ती पर्जन्यमापकाची. रविवारी मामाचा फोन आला की त्याचाही पहिला प्रश्न तोच असतो, "तिकडे पाऊस किती?" पूर्वी मी "पडतोय" म्हणायचे. आता मिलिमीटरमध्ये सांगते. तो वहीत लिहून घेतो. त्याच्याकडे संगमेश्वरचे आकडे १९८७ पासूनचे आहेत.